गोदान की गोत्याग?

श्रींचे दर्शन घेऊन प्रसाद हाती पडला की भाविकांची पावले सहजच गोशाळेकडे वळतात. महाराष्ट्रातील अनेक देवस्थानांच्या परिसरात आज गोशाळा आहे आणि यात्रेकरूंच्या दृष्टीने ती दर्शनाचाच एक भाग बनली आहे. दाराशी मिळणारी हिरव्या चाऱ्याची पेंढी घ्यावी, ती गव्हाणीत ठेवावी, गायीच्या पाठीवरून हात फिरवून तो हात कपाळी लावावा, जमल्यास पावती फाडावी आणि समाधानाने परतीच्या वाटेला लागावे, असा सर्वसाधारण क्रम असतो. या कृतीत श्रद्धा आहे, सात्त्विकता आहे. मात्र याच कृतीत एक जुना आणि अवघड नैतिक प्रश्नही दडलेला आहे. तो असा, की गोशाळेत जे घडते ते दान आहे की त्याग? आणि त्याग असेल तर कोणी कोणाचा केलेला?

गोशाळेत येणाऱ्या भाविकाच्या मनात बहुधा दिनदर्शिकेवरील चित्रातील गाय असते. पुष्ट, दुभती, शेजारी लुसलुशीत वासरू असलेली. प्रत्यक्षात दावणीला दिसतात ती जनावरे निराळी असतात. दूध आटलेल्या भाकड गायी, खांदा सुजल्याने औतातून सोडलेले बैल, वाहनाची धडक बसून पाय अधू झालेली जनावरे, कोणालाच नको असलेले गोऱ्हे, दृष्टी गेलेली एखादी म्हातारी गाय. ज्यांच्यापासून कोणताही लाभ उरलेला नाही, अशांचेच हे आश्रयस्थान असते. त्यामुळे गोशाळेचे दर्शन हे गोधनाच्या वैभवाचे दर्शन नव्हे. वैभव ओसरल्यावर मनुष्य कसा वागतो, याचे ते दर्शन आहे.

नचिकेत्याची शंका

हा प्रश्न आजचा नाही. कठोपनिषदाचा आरंभच त्यापासून होतो. वाजश्रवस नावाचा यजमान सर्वस्व दान करण्याचा यज्ञ आरंभितो आणि दक्षिणा म्हणून गायी देऊ लागतो. त्या गायी कशा होत्या? ज्यांचे पाणी पिऊन झाले, गवत खाऊन झाले, दूध देऊन झाले आणि पुन्हा विण्याची शक्ती उरली नाही, अशा. ते पाहून त्याच्या कोवळ्या वयाच्या मुलाच्या, नचिकेत्याच्या, मनात श्रद्धा जागी होते. असे दान देणाऱ्याला आनंदरहित लोक प्राप्त होतात, असे त्याला वाटते. मग तो पित्याला विचारतो, की मला तुम्ही कोणाला देणार? पुढे यमाशी झालेला त्याचा संवाद सर्वश्रुत आहे. परंतु त्या महान ब्रह्मविद्येचा उगम एका म्हाताऱ्या गायीच्या दानातून झाला, ही गोष्ट सहसा ध्यानात राहत नाही.

वाजश्रवसाचा दोष नेमका कोणता? गाय म्हातारी होती हा काही गायीचा दोष नव्हे. दोष असा, की जे स्वतःला नकोसे झाले होते ते त्याने दान म्हणून दुसऱ्याच्या हाती ठेवले आणि त्याचे पुण्य मात्र आपल्या पदरी मागितले. पोसण्याचा भार घेणाऱ्याकडे गेला, फळ देणाऱ्याकडे राहिले. दान हा शब्द तोच राहिला, व्यवहार मात्र उलटा झाला.

आज गोशाळेच्या दाराशी भाकड गाय आणून सोडणारा मनुष्य याच प्रसंगात उभा असतो. 'गोशाळेला गाय दान दिली' असे म्हटले जाते. पण गायीबरोबर तिचा चारा, तिचा औषधोपचार, तिच्या उरलेल्या आयुष्याची तरतूद यांपैकी काहीच आले नसेल, तर ते गोदान नसून गोत्याग होय.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही

येथे शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे फार सोपे आहे, आणि तितकेच अन्यायाचेही आहे. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ अशा जातिवंत जनावरांचे जतन ज्याच्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या केले, पोळ्याला किंवा बेंदराला ज्याने बैलाच्या पायावर पाणी घालून त्याला पुरणपोळीचा घास दिला, तोच शेतकरी आज दावणीचे जनावर कमी करतो आहे. त्यामागे कारणे आहेत. नांगरणीला ट्रॅक्टर आला आणि बैलाचे काम सरले. गायराने आक्रसली. १९७२ च्या दुष्काळाने जनावरांची जी दैना केली ती जुन्या पिढीच्या स्मरणात आहे, आणि २०१२-१३ व २०१८-१९ या वर्षांतही राज्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. माणसांनाच पाणी टँकरने मिळत असताना दूध न देणारे जनावर पोसणे म्हणजे काय, हे छावणीत रात्र काढलेल्या शेतकऱ्यालाच ठाऊक असते.

कायद्याने या प्रश्नाला आणखी एक बाजू जोडली आहे. राज्यात गायीची कत्तल १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यानेच निषिद्ध झाली होती. विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळू यांनाही तेच संरक्षण लाभले. जीव वाचला. परंतु वाचलेल्या जिवाने पुढे काय खावे, याचे उत्तर संरक्षणाच्या कलमात नसते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील गोवंशाची संख्या सुमारे १९ कोटी २५ लाख भरली आणि रस्त्यावर मोकाट फिरणाऱ्या जनावरांची संख्या ५० लाखांहून अधिक आढळली. मरणापासून वाचवणे आणि जगवणे ही दोन निरनिराळी कर्तव्ये आहेत. पहिले कायदा करू शकतो. दुसरे कोणाला तरी रोज सकाळी उठून करावे लागते.

आणि 'कोणाला तरी' म्हणजे केवळ शेतकऱ्याला नव्हे. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही. सव्वानऊ महिन्यांच्या गाभणकाळानंतर ती वासराला जन्म देते आणि साधारण दहा महिने दूध देते. जन्मणाऱ्या वासरांपैकी निसर्गनियमाने सुमारे निम्मे गोऱ्हे असतात. अलीकडे कालवडीच जन्माव्यात अशा रेतनाच्या सोयी आल्या आहेत, तरी अजून बहुसंख्य गोठ्यांत तो निसर्गनियमच चालतो. गाय १८ ते २० वर्षे जगू शकते, पण तिची दुभती वर्षे त्याहून पुष्कळ कमी असतात. म्हणजेच दुधाच्या प्रत्येक पेल्यामागे एक गोऱ्हा आणि एक म्हातारपण उभे आहे. सकाळचा चहा घेणारा शहरवासी, सणाला श्रीखंड-पेढे आणणारे कुटुंब, हे सर्वच त्या ऋणात भागीदार आहेत. दूध सर्वांनी प्यावे आणि भाकड गाय एकट्या शेतकऱ्याने सांभाळावी, ही वाटणी धर्माची नाही.

कृतज्ञता आणि करुणा

म्हाताऱ्या गायीला का सांभाळावे, या प्रश्नाला परंपरेने दिलेले पहिले उत्तर कृतज्ञतेचे आहे. जिने दूध दिले, जिच्या पुत्रांनी शेत नांगरले, तिचे उपकार फेडावेत. आईचे दूध आटले म्हणून तिला कोणी घराबाहेर काढत नाही, हा दृष्टान्त कीर्तनातून वारंवार ऐकू येतो. तो खरा आहे, पण पुरेसा नाही. कारण ज्या गोऱ्ह्याने कधी औत ओढले नाही, जी कालवड अपघाताने पांगळी होऊन कधी व्यायलीच नाही, तिचे उपकार कोणते? उपकार हाच निकष धरला तर अशांना गोशाळेत जागा नाही. म्हैस, गाढव, शेळी यांनाही नाही.

येथे संतांचे चरित्र मार्ग दाखवते. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराकडे निघालेल्या एकनाथ महाराजांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ते गंगाजल घातले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. त्या गाढवाचे नाथांवर कोणते उपकार होते? ते शास्त्रात पूज्य म्हणून सांगितलेले जनावरही नव्हते. त्याच्याजवळ एकच अधिकार होता. त्याला तहान लागली होती. नाथांनी तो अधिकार रामेश्वराच्या अभिषेकापेक्षा मोठा मानला. पैठणच्या ब्रह्मसभेपुढे ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या ठायी आत्मतत्त्व दाखवले, तोही रेडाच होता.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे जे लक्षण सांगितले आहे, त्याचा आशय असा, की योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्राला आणि ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला कर्तव्यबुद्धीने दिलेले ते सात्त्विक दान. या कसोटीला भाकड गायीइतके पात्र दुसरे क्वचितच असेल. ती दूध देऊन उपकार फेडणार नाही, आशीर्वादाचे शब्द उच्चारणार नाही, देणगीदाराचे नावही तिला कळणार नाही. वाजश्रवसाने जी गाय देण्यास अयोग्य असूनही दिली, तीच गाय घेण्यास मात्र सर्वाधिक योग्य आहे. उपनिषदाचा इशारा आणि गीतेचे लक्षण येथे एकमेकांना पूरक होतात.

भुईचे उदाहरण

ही दृष्टी केवळ ग्रंथांतरी राहिलेली नाही. मुंबईत १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगल उसळली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरात पांजरापोळ स्थापन झाली. पुढाकार घेणाऱ्यांपैकी एक पारशी होता आणि निमित्त कुत्र्यांचे होते, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुक्या जिवाच्या वेदनेपुढे पंथ आणि जात यांच्या भिंती राहिल्या नाहीत. गजबजलेल्या बाजारपेठेच्या मधोमध ही संस्था आजही गोवंशाला आसरा देत आहे.

विदर्भात वर्धा येथे जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात गोसेवेला वाहून घेतले. १९४१ मध्ये गोसेवा संघाचे काम त्यांनी उभे केले आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी देह ठेवीपर्यंत गोपुरीत राहून त्याच कार्यात ते मग्न होते. धनाढ्य मनुष्याने पावती फाडून मोकळे होण्याऐवजी स्वतः गोठ्याजवळ राहायला जावे, यातच त्यांच्या दानाचे मर्म आहे. १९२४ मध्ये बेळगाव येथे भरलेल्या गोरक्षण परिषदेचे अध्यक्षपद महात्मा गांधींनी भूषवले होते. इतरांना दोष देण्याआधी हिंदूंनी आपल्याच घरच्या गुरांची अवस्था पाहावी, हा विचार ते आयुष्यभर मांडत राहिले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने दूध काढण्यासाठी केल्या जाणाऱ्या 'फुका' या अमानुष प्रकारास गुन्हा ठरवावे लागले. पूजनीय मानलेल्या प्राण्याच्या बाबतीतही क्रौर्य घडत होते, याची ती कबुलीच होय.

गायीचे पोट आणि दात्याचे मन

दानात पात्राचा विचार करावा असे शास्त्र सांगते. गोग्रासाच्या बाबतीत पात्राचा विचार म्हणजे गायीच्या पोटाचा विचार. गायीच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतील पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव वैरणीतील तंतू कुजवून त्याचे अन्न बनवतात. हे जीव गवत-कडब्याला सरावलेले असतात. पोळी, भात, गूळ, पीठ, मिठाई असे पदार्थ एकाएकी मोठ्या प्रमाणात गेले की तेथे आम्ल वाढते, जनावर चारा सोडते, पोट फुगते आणि वेळीच उपचार न झाल्यास दगावतेही. वसुबारस, संक्रांत, अमावास्या अशा दिवशी शेकडो भाविक प्रेमाने एकेक घास देतात. प्रत्येकाचा घास लहान असतो, पण गायीचे पोट एकच असते. सणाच्या दुसऱ्या दिवशी पशुवैद्याला बोलवावे लागणे, हे कोणत्याही दात्याला अभिप्रेत नसते.

प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फेकलेले अन्न गाय पिशवीसकट गिळते. ते प्लास्टिक पचत नाही, बाहेरही पडत नाही. वर्षानुवर्षे साठून त्याचा गोळा होतो आणि भरल्या पोटाने गाय उपाशी मरते. अन्नातून गेलेली तार किंवा खिळा पोट भेदून हृदयापर्यंत पोहोचू शकतो. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तरी तीर्थक्षेत्रांच्या वाटांवर त्या दिसतात. ज्या हाताने गोग्रास द्यावयाचा त्याच हाताने पिशवी रस्त्यावर टाकली, तर त्या गोग्रासाला अर्थ उरत नाही. वसुबारसेला गायीचे दूध-तूप वर्ज्य करण्याची चाल अनेक घरांत आहे. वासराच्या हक्काचे ते स्मरण होय. आपल्याला काय द्यावेसे वाटते यापेक्षा तिला काय हवे याला त्या चालीत प्राधान्य आहे, आणि हीच सेवेची खूण आहे.

सेवेचा हिशेब

देणगीदारांचा ओढा बहुधा नव्या बांधकामाकडे असतो. शेड उभी राहते, कोनशिला बसते, नाव दिसते. ते कार्यही आवश्यकच आहे. परंतु गाय कोनशिला खात नाही. एका मध्यम बांध्याच्या जनावराला रोज सहा किलो कोरडी वैरण धरली तरी वर्षाला २,१९० किलो होते, आणि भाकड झाल्यावर ते दहा वर्षे जगले तर सुमारे २२ टन. हिरवा चारा, पेंड, मीठ, पाणी, लसी आणि औषधे हे सारे त्याखेरीज. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गायींना 'राज्यमाता-गोमाता' घोषित करताना गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदानाची योजना आणली. तिचा आधार निश्चितच मोठा आहे. तरी जनावरांच्या उरलेल्या पोटाची जबाबदारी समाजाचीच राहते, आणि संकरित गायी, म्हशी, जखमी गाढवे यांच्यासाठी तर ती पूर्णपणे समाजाचीच असते. चैत्र-वैशाखात कडबा महागतो तेव्हा आलेली लहान देणगी ही सणासुदीला आलेल्या मोठ्या देणगीपेक्षा अधिक जीव वाचवते.

येथे गोशाळेचेही कर्तव्य आहे. जागा, पाणी व वैरण यांच्या मर्यादेपलीकडे जनावरे घेणे म्हणजे रक्षण नव्हे. दाटीत रोग पसरतो. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाच्या साथीने आजारी जनावर वेगळे ठेवण्यास जागा असणे किती आवश्यक आहे, हे दाखवून दिले. म्हणून जनावरे किती आहेत, नवीन आलेल्यांना वेगळे ठेवले जाते का, पशुवैद्य केव्हा येतात, हिशेब पाहावयास मिळतो का, असे प्रश्न भाविकाने नम्रपणे जरूर विचारावेत. पहाटे शेण काढणाऱ्या सेवकाला रास्त वेतन मिळते का, हाही त्यांतलाच प्रश्न आहे. गायीची पूजा आणि गुराख्याची उपेक्षा एकत्र नांदू शकत नाहीत.

माणसे उपाशी असताना जनावरांवर खर्च का, असा आक्षेप काही जण घेतात. तो दुर्लक्षून चालणार नाही. पण ज्या नाथांनी गाढवाला पाणी पाजले, त्यांनीच वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारे अस्पृश्य मानले गेलेले मूल कडेवर उचलून घरी पोहोचवले, असे त्यांचे चरित्र सांगते. संत गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्यांच्या अन्नाबरोबरच मुक्या प्राण्यांचे अभयही आहे. दयेच्या या दोन वाटा एकमेकींना छेद देत नाहीत. एका जिवाचे दुःख पाहण्याची ज्याला सवय झाली, त्याला दुसऱ्याचेही दिसू लागते.

देवस्थानाचे ऋण

सर्वांत शेवटी हा विचार देवस्थानांनाही लागू होतो. नित्य अभिषेकाला दूध लागते, पंचामृताला दही-तूप लागते, नंदादीपाला तूप लागते. म्हणजे गायीच्या ऋणात प्रत्यक्ष देव्हाराही आहे. ज्या गायींचे दूध वर्षानुवर्षे देवाच्या मस्तकावर घातले, त्या भाकड झाल्यावर कोठे गेल्या, हा प्रश्न मंदिराच्या दारात उभा राहतो. म्हणूनच देवस्थानाने गोशाळा चालवणे हे औदार्य नव्हे. ती ऋणफेड आहे. आणि अभिषेकाचा संकल्प सोडणारा प्रत्येक भाविक त्या ऋणफेडीत सहभागी होण्यास अधिकारी आहे, बांधीलही आहे.

जनावर दारात आणून सोडण्यावाचून गत्यंतर नसलेल्या शेतकऱ्यानेही मनात अपराध बाळगू नये. त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे कडब्याच्या चार पेंढ्या बरोबर आणाव्यात, वर्षातून एकदा येऊन आपले जनावर पाहून जावे. तेवढ्याने गोत्यागाचे गोदान होते. नकोसे झालेले दुसऱ्याच्या पदरी टाकणारा वाजश्रवस आणि दिलेल्या जिवामागे स्वतः चालत येणारा दाता यांत हाच फरक आहे.

गोशाळेत आलेल्या भाविकांनी घाई करू नये. पेंढी ठेवून झाल्यावर क्षणभर थांबावे, त्या म्हाताऱ्या डोळ्यांकडे पाहावे. ती काही देणार नाही हे जाणूनही तिच्यासाठी काही करावेसे वाटले, तर त्या दिवसाचे दर्शन पूर्ण झाले असे समजावे.